डांगरे यांचं माप

आधी नखं काढा मास्तर, म्हणाली सोजरबाई,
अन् टेपच्या टोकाची ती पितळी पट्टी बी.
कोवळ्या सालीला काय कळतंय
तुमी मापाला आलाव का कापाया.

मुरूडच्या बाजारात एकतीस वर्षं
मी माणसांच्या छातीभोवती हात घातले.
श्वास रोखणारे, पोट आत ओढणारे,
उधारीवर खांदे रुंद करून घेणारे.
हे पहिलंच गिऱ्हाईक
रात्रीतून दोन इंच वाढतं
आणि लपवत नाही.

तेरणेकाठची काळी. वेल पार बांधापर्यंत गेलीय.
बाकीची फळं तिनं मुठीएवढी असतानाच खुडली,
भाजी केली, मलाही वाढली.
एकच ठेवलं.
कशाला, असं भावकीनं विचारलं
तर म्हणते, बघायचंय.

खाली वाळू, वाळूवर खताची रिकामी पोती,
वर माझ्या दुकानाची काळी छत्री,
कारण उन्हानं साल निबर झाली
की आतल्या गराला जागा पुरत नाही.
भोवती दोरीला नऊ जुनी लुगडी, रानडुकरांसाठी.
खय्यूमच्या सलूनमधले केस पसरलेत, तेही त्यांच्यासाठीच,
म्हणजे त्यांना वाटावं इथं गर्दी आहे.
देठाजवळची वेल ती रोज थोडी सैल करते:
फळ वर उठत जातं,
वेल माती सोडत नाही,
मधल्यामध्ये देठ तुटतो.
घरोघर हेच, ती म्हणते
आणि मुळं धरलेलं एक पेर हलकेच उपटते.

बोट दाखवायचं नाही. बोटानं कोवळं फळ सडतं.
आकडा तोंडानं म्हणायचा नाही.
म्हणून वहीत मी नाव घातलं:
श्री. डांगरे. कोट. कंबर.
पोळ्याला नऊ, गौरीजेवणाला एकवीस,
अनंत चतुर्दशीला तेहतीस,
सर्वपित्रीला बावन्न.
काजं करायला येणाऱ्या पोरानं वही उघडली,
म्हणाला, बाप्पा! हे डांगरे बसतात तरी कशावर?
पोत्यावर, मी म्हणालो.

अकराव्या दिवशी हात घसरला.
नख नव्हतं, पण करंगळीत अंगठी होती.
तांदळाएवढा ओरखडा.
सोजरबाई काही बोलली नाही, चुलीची राख लावली.
दुसऱ्या दिवशी अंगठी घरी ठेवून गेलो
तेव्हाही काही बोलली नाही.
तो ओरखडा फळाबरोबर ताणत गेला,
खपली धरून आता वीतभर झालाय.
त्याचंही माप घेतो.
वहीत त्याला रकाना नाही,
खिसा, असं लिहितो.

साठाला टेप संपला.
दुसरा आणून त्याला शिवला.
जोडात अर्धा इंच गेला,
तो रोज आठवणीनं धरावा लागतो.

आज दसरा. अडुसष्ट.
औशाकडून आभाळ धरून आलंय.
ताणावरच्या वेलीला एकदम पाणी मिळालं
तर फळ आतून फुगतं, साल मागं राहते,
आणि रात्री कधीतरी फटकन...
पलीकडच्या शिवारात कुणीतरी ऐकलाय म्हणे तो आवाज,
ऐकणाऱ्याचं नाव कुणाला सांगता येत नाही.

तिनं चर खोदायला घेतला
आणि मी चार दिवसांपूर्वी शिवलेली खोळ काढली:
बाहेरून मेणकापड, आत जुन्या वाकळेचं अस्तर,
आठ कळ्या,
प्रत्येक शिवणीत चार-चार बोटं माया ठेवलेली.
रोज दोरा उसवतो, थोडी माया सोडतो,
पुन्हा टाके घालतो.
गिऱ्हाईक उभंच, कोट अंगावरच.

किती राहिली? चरातून ती विचारते,
कोपरापर्यंत चिखल.

आकडा म्हणायचा नाही. बोट दाखवायचं नाही.
मी दोन बोटं वाकवून धरतो,
पोराला कणीस कसं सोलायचं ते दाखवावं तशी.

ती बोटांकडे बघते, आभाळाकडे बघते,
आणि पुन्हा कुदळ उचलते.